डी.मिन.ला अ‍ॅप्लाय करायचंय? आधी मंडळीत बसा, मग फॉर्म उघडा

जय ख्रिस्त सगळ्यांना. गेल्या वर्षभरात सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर इकडच्या आठ-दहा पाळकांचे (पास्टरांचे) मला फोन आलेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, सेवेत डॉक्टरेट करायचीय, कुठं करू, काय काय लागतं, माझं होईल का. प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास सांगतो आणि फोन ठेवल्यावर आठवतं की अरे हे सांगायचं राहिलंच, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. मी बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) केलेला माणूस, चौदा वर्षं मंडळीत म्हणजे चर्चमध्ये पाळक आहे, आणि सध्या डी.मिन.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं स्वतः करून, चुकून, परत करून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, डी.मिन. म्हणजे पीएच.डी. नाही हे डोक्यात पक्कं बसवा, कारण निम्मे लोक इथंच गडबडतात. पीएच.डी. किंवा डी.टीएच. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी) संशोधनाची पदवी आहे, पुढं सेमिनरीत म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवायचं असेल, पुस्तकं-लेख लिहायचे असतील तर ती. डी.मिन. ही सेवेत असलेल्या माणसाची पदवी आहे, डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री, तुम्ही मंडळी सोडून जायचं नाही उलट मंडळीत राहूनच करायची, वर्षातून एकदोनदा आठवडा-दोन आठवडे कॉलेजात जाऊन बसायचं किंवा ऑनलाईन क्लास करायचे, बाकीचं वाचन आणि लिखाण घरी, आणि शेवटी जो प्रोजेक्ट करायचा तो तुमच्याच सेवेतल्या एखाद्या खऱ्या प्रश्नावर. साधारण ३ ते ६ वर्षं जातात. यातली एक कमी आणि एक जास्त असं काही नाही, दोन्हीची कामं वेगळी आहेत. कुणी म्हणत असेल की मला सेमिनरीत प्रोफेसर व्हायचंय तर त्यानं डी.मिन.च्या मागं लागून वर्षं घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फॉर्मच्या आधीची गोष्ट सांगतो जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मी पहिल्यांदा अ‍ॅप्लाय केलं तेव्हा मला घेतलं नाही. मार्क ठीक होते, पत्रं ठीक होती, पण प्रोजेक्टच्या जागी मी लिहिलं होतं 'सोलापूर शहरातील कष्टकरी महिलांमध्ये चर्चची भूमिका'. अ‍ॅडमिशन कमिटीतल्या एका सरांनी मला नंतर मेलवर नीट कळवलं की हा विषय चांगला आहे पण यात तुमची मंडळी कुठंच दिसत नाही, हे कुणीही कुठंही बसून लिहू शकतं. दोन दिवस वाईट वाटलं पण खरं होतं ते.

मग त्याच आठवड्यात मी विडी घरकुलला, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका अक्कांच्या घरी गेलो, आमच्या मंडळीतल्याच, तेलुगू घर. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दाबून बंद करायचं, दोरा बांधायचा, आणि हे सगळं हाताकडं न बघता. मी म्हटलं अक्का प्रार्थना करू या, तर त्या म्हणाल्या करा की पास्टर, डोळे मिटते पण हात चालू राहतील हां, उद्या सकाळी माल द्यायचाय. हजार विड्यांमागं मजुरी असते ना, हात थांबले की पैसे थांबले. आणि मी प्रार्थना करत असताना कात्रीचा आवाज चालू होता, आणि आमेन म्हणेपर्यंत पाच-सहा विड्या झाल्या होत्या. गाडीवर घरी येताना माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं महिला संगतीची सभा बुधवारी दुपारी तीनला ठेवतोय आणि दर मीटिंगला तक्रार करतोय की बायका येत नाहीत. दुपारी तीनला त्यांचे हात मोकळे असतात का हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी जे लिहिलं ते असं होतं: माझ्या मंडळीतल्या विडी वळणाऱ्या बायकांच्या घरी, काम चालू असतानाच बसून, बायबलचं वचन ऐकणं आणि प्रार्थना, बारा घरं, आठ महिने. बस एवढंच. त्यावर प्रवेश मिळाला.

तर विषय शोधताना स्वतःला चार प्रश्न विचारा आणि प्रत्येकावर हातानं एक-एक पान लिहा, मराठीत लिहा, इंग्लिशची घाई करू नका. माझ्या मंडळीत काय चाललंय. ते असं का चाललंय. वचनाच्या उजेडात ते कसं असायला पाहिजे. आणि मी आणि मंडळी मिळून नेमकं काय करून बघणार. पहिल्या प्रश्नावर पान भरत नसेल तर तुम्ही अजून अ‍ॅप्लाय करायला तयार नाही असं समजा, दोन महिने भेटी द्या, वहीत लिहा. सोलापुरात विषयांची काय कमी आहे, बारावी झाली की पोरं पुण्याला जातात आणि परत येतात ती फक्त नाताळला, एकाच बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं बसतात आणि उपासना होते फक्त मराठीत, दारूमुळं मोडलेली घरं आहेत जी दर रविवारी पहिल्या रांगेत बसतात आणि कुणी त्यावर बोलत नाही. यातलं जे तुम्हाला रात्री झोपू देत नाही ते घ्या. सोपं वाटतं म्हणून विषय घेऊ नका, तीन-चार वर्षं त्याच्याबरोबर राहायचंय.

आता कुठं करायचं. आपल्याकडं मुख्य दोन रस्ते आणि तिसरा परदेशाचा.

एक, सेनेट ऑफ सेरामपूर कॉलेज, म्हणजे त्या कॉलेजची थिऑलॉजीच्या पदव्या देणारी सभा. सेरामपूर म्हणजे बंगालमधलं श्रीरामपूर, आपल्या अहिल्यानगर (आधीचं नगर) जिल्ह्यातलं नव्हे, हे मला दोघांना सांगावं लागलंय. १८१८ साली विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी ते कॉलेज काढलं, गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं म्हणून १८२७ ला डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि पदवी द्यायचा अधिकार तिथून आला, पुढं १९१८ चा सेरामपूर कॉलेज कायदा झाला. हेच ते केरी ज्यांनी १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं, त्यामुळं मला तरी त्या नावाशी आपलं काहीतरी नातं वाटतं. देशभरातली बरीच कॉलेजं सेनेटला जोडलेली आहेत, आपल्याला जवळचं म्हणजे पुण्यात बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी, जे १९८३ ला यवतमाळहून पुण्यात आलं, शिवाय बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, चेन्नईचं गुरुकुल, कोलकात्याचं बिशप्स कॉलेज. पण जोडलेल्या प्रत्येक कॉलेजात डी.मिन. असतंच असं नाही, त्यामुळं त्या वर्षीचं माहितीपत्रक मागवा आणि कॉलेजच्या ऑफिसला फोन करून विचारा, मित्रानं पाच वर्षांपूर्वी सांगितलेलं धरून बसू नका.

दोन, एटीए म्हणजे एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन. १९७० पासून आहे, ही स्वतः पदवी देत नाही तर सेमिनऱ्यांची तपासणी करून मान्यता देते. भारतातल्या अनेक इव्हँजेलिकल सेमिनऱ्यांना हिची मान्यता आहे. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या की एटीएची मान्यता म्हणजे यूजीसीची मान्यता नव्हे. मंडळीत, सेमिनरीत, मिशन संस्थेत ती चालते, पण कुणाला त्या जोरावर विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे.

तीन, अमेरिका-कॅनडा. तिथल्या सेमिनऱ्यांना मान्यता देणारी संस्था म्हणजे एटीएस, असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स, तिच्या साईटवर सगळ्या मान्य सेमिनऱ्यांची यादी आहे आणि कुठली सेमिनरी कुठल्या पदवीसाठी मान्य आहे तेही दिसतं. तिथं नाव नसेल तर निदान सी.एच.ई.ए. या अमेरिकेतल्या मान्यतेवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत तरी शोधा.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती. बाजारात डॉक्टरेट विकत मिळतात. एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम, लाल गाऊन, टोपी, हार, फोटो, आणि दुसऱ्या दिवसापासून बोर्डावर 'रेव्ह. डॉ.'. माझ्या ओळखीच्या एका सेवकानं, मनानं अतिशय चांगला माणूस, खेड्यापाड्यात सायकलवर फिरून सेवा केलेला, त्यानं बायकोचे दागिने गहाण ठेवून असे पैसे भरले, त्याला खरंच वाटलं होतं की ही पदवी आहे. नंतर त्याच्या मुलानं नेटवर शोधलं तर त्या विद्यापीठाच्या नावानं फक्त एक पानाची वेबसाईट. त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही. म्हणून ओळखायच्या खुणा सांगतो. वाचन नाही, क्लास नाही, प्रोजेक्ट नाही आणि 'तुमच्या सेवेच्या अनुभवावर' थेट डॉक्टरेट देतो म्हणतात. पैसे एकरकमी आणि लवकर मागतात, अमुक तारखेच्या आत भरा नाहीतर जागा जाईल. मान्यता कुणाची विचारलं तर एक लांबलचक इंटरनॅशनल नाव सांगतात जे शोधलं तर त्यांच्याच पत्त्यावर निघतं. फॅकल्टीची नावं नाहीत, लायब्ररी नाही. यातली एक जरी खूण दिसली तरी थांबा. ज्या माणसांपुढं आपण दर रविवारी उभं राहून खरं बोला सांगतो त्यांच्यापुढं खोट्या पदवीनं उभं राहायचं का, माझ्यासाठी हा प्रश्न इथंच संपतो.

पात्रतेचं बघू. साधारण सगळीकडं बी.डी. किंवा एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) लागते, आणि ती झाल्यावर काही वर्षांची सेवा, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तीन वर्षं मागतात, आपल्याकडं कॉलेजप्रमाणं बघा. फक्त बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) असेल तर थेट डी.मिन. होत नाही, मधे एम.डिव्ह. करावी लागते, आणि हे ऐकून बरेच जण नाराज होतात पण यात लाज काही नाही, उलट ज्याची एम.डिव्ह. नीट झालीय त्याला डी.मिन.चं वाचन जड जात नाही. ज्यांनी काहीच औपचारिक शिक्षण घेतलेलं नाही, साक्षीवर आणि प्रार्थनेवर मंडळी उभी केली आहे, अशा सेवकांनी सेनेटचे बाहेरून करायचे कोर्स किंवा बंगळुरूच्या टाफ्टीचे कोर्स बघावेत, टाफ्टी १९७१ पासून घरी बसून, नोकरी-सेवा सांभाळून थिऑलॉजी शिकवते. तिथून सुरुवात करा. वेळ लागेल पण पाया पक्का होईल.

बहिणींनो तुमच्यासाठी, पाळक म्हणून दीक्षा झालेली नाही म्हणून आपण बसत नाही असं गृहीत धरू नका. बऱ्याच सेमिनऱ्या 'सेवेचा अनुभव' विचारतात, दीक्षा नव्हे. हॉस्टेल चालवणं, दवाखान्यात पेशंटसोबत प्रार्थना करणं, संडे स्कूल, महिला संगती हे सगळं सेवेत धरतात, फक्त किती वर्षं, कुठं, कुणाच्या हाताखाली हे लिहून मंडळीकडून सही-शिक्क्याचं पत्र घ्या.

कागदपत्रं. इथं सगळ्यात जास्त वेळ जातो आणि कुणी आधी सांगत नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांचा नावाचा घोळ असतोच, माझ्या वडलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर शलमोन, पासपोर्टवर सॉलोमन, आणि माझ्या बी.डी.च्या मार्कशीटवर तिसरंच काहीतरी स्पेलिंग. परदेशातल्या ऑफिसात बसलेल्या माणसाला शलमोन आणि सॉलोमन एकच हे माहीत असायचं कारण नाही, त्याच्यासाठी ती दोन माणसं. ज्या कॉलेजनं चुकीचं स्पेलिंग छापलं होतं त्यांच्याकडून दुरुस्त मार्कशीट यायला मला चार महिने लागले, तीन वेळा रेल्वेनं जाऊन आलो, प्रत्येक वेळी संबंधित क्लार्क रजेवर. म्हणून आजच दहावीचं सर्टिफिकेट, आधार, पासपोर्ट आणि सगळ्या थिऑलॉजीच्या मार्कशीट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एक-एक अक्षर जुळवा. फरक छोटा असेल तर बऱ्याच ठिकाणी दोन्ही नावं माझीच असं प्रतिज्ञापत्र चालतं, मोठा असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या, महाराष्ट्रात तो अर्ज ऑनलाईन होतो. कुठल्याही परिस्थितीत मार्कशीटवर स्वतःच्या हातानं दुरुस्ती करू नका.

ट्रान्सक्रिप्टचं अजून एक. सेमिनरी 'ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट' मागते म्हणजे तुमच्याकडच्या मार्कशीटची झेरॉक्स नव्हे, जुन्या कॉलेजच्या रजिस्ट्रारनं थेट पाठवलेला कागद किंवा मेल. बंद पाकिटात देत असतील तर चिकटवलेल्या जागेवर सही-शिक्का असतो, ते पाकीट आत काय आहे बघू म्हणून फोडू नका, फोडलं की त्याची किंमत संपली. दोन-तीन प्रती एकदमच मागून घ्या.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात, एक वरच्या अधिकाऱ्याचं म्हणजे बिशप किंवा तुमच्या संस्थेचे प्रमुख, एक शिकवलेल्या सरांचं, आणि एक मंडळीतल्या सभासदाचं. आजकाल ही पत्रं तुमच्या हातात येत नाहीत, सेमिनरी त्यांना मेलवर लिंक पाठवते आणि ती नव्वद टक्के वेळा स्पॅममध्ये जाते, त्यामुळं फॉर्ममध्ये मेल आयडी टाकला की त्याच दिवशी फोन करा, साहेब मेल आलाय का बघा, स्पॅम पण बघा. माझे सर रिटायर झालेत, मेल उघडत नाहीत, त्यांच्या नातीनं फोनवर लिंक उघडून दिली आणि सरांनी तिला सांगत सांगत दोन पानं लिहवली, ते पत्र सगळ्यात चांगलं होतं असं मला इंटरव्ह्यूत कळलं. निदान दीड महिना आधी विचारा. आणि नुसतं पत्र द्या म्हणू नका, एक पान लिहून द्या त्यांना, मी काय करायला निघालोय, माझा प्रोजेक्ट काय आहे, तुम्ही मला कुठल्या कामात बघितलंय. मोठ्या माणसाचं मोठ्ठं पण मोघम पत्र काही कामाचं नसतं, 'हा चांगला आणि देवभीरू तरुण आहे' यातून कुणाला काय कळणार.

मंडळीचं संमतीपत्र वेगळं. पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीत विषय ठेवा, ठराव वहीत लिहून घ्या, वर्षातले किती दिवस तुम्ही नसाल, त्या रविवारी उपासना कोण घेईल, पगार चालू राहील का, हे सगळं त्यात येऊ द्या. मी आधी तोंडी सगळ्यांना विचारलं होतं आणि सगळे हो म्हणाले होते, पण ठरावाची वेळ आली तेव्हा मंडळीच्या एका वडिलांनी (एल्डरनी) विचारलं की पास्टर शिकून झाल्यावर सोलापूर सोडून जाणार का. बरोबर प्रश्न होता तो. मी पाच वर्षं राहीन असं लिहून दिलं.

आता निबंध. दोन असतात साधारण, एक तुमच्या विश्वासाची आणि सेवेची वाटचाल, दुसरा तुमच्या सेवेचं ठिकाण आणि तुम्हाला का शिकायचंय. माझा पहिल्या वर्षीचा निबंध असा सुरू होत होता, 'लहानपणापासूनच मला देवाच्या सेवेची आवड होती आणि माझे आईवडील धार्मिक होते'. दुसऱ्या वर्षीचा असा, 'अक्कांनी डोळे मिटले पण हात थांबवले नाहीत'. फरक तुम्हीच बघा. सोलापूर कुठं आहे हे वाचणाऱ्याला माहीत नाही हे लक्षात ठेवून लिहा, चार ओळीत शहर सांगा, गिरण्या बंद पडल्या, चादरी-टॉवेलचे माग, विड्या, चार भाषा. आणि आपली मंडळी कुठून आली ते सांगा, माझ्यासारखी जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली असेल तर १८१३ ला मुंबईत आलेल्या मिशनऱ्यांपासून १९७० च्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियापर्यंतचा धागा दोन वाक्यात येतो. या मिशनचे जुने वार्षिक अहवाल स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात, आणि ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासूनचं, त्याचे जुने अंक लायब्ररीत जाऊन बघा, आपल्या विषयावर शंभर वर्षांपूर्वी कुणी काय लिहिलंय हे सापडलं तर निबंधाला वजन येतं. अपयश पण लिहा. मी बुधवारच्या रिकाम्या खुर्च्या लिहिल्या.

निबंध मराठीत लिहून मग इंग्लिश करायचा, हे मी का सांगतोय तर इंग्लिशमध्ये सुरुवात केली की आपण सगळे तीच दहा वाक्यं लिहितो जी आपण रिपोर्टमध्ये लिहितो. मोबाईलवरच्या एआयकडून निबंध लिहून घेऊ नका, व्याकरण तपासायला ठीक आहे सेमिनरी चालवून घेत असेल तर, पण तुमची साक्ष दुसऱ्यानं लिहायची ही कल्पनाच मला पटत नाही, आणि इंटरव्ह्यूत ते लगेच कळतं. लिखाणाचा नमुना पण मागतात, दहा-पंधरा पानं, तळटीपांसकट. बी.डी.चा जुना पेपर असेल तर तो झटकून, नीट करून द्या. टुराबियन पद्धतीच्या तळटीपा बऱ्याच ठिकाणी लागतात, त्या लावायला झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, दोन संध्याकाळी बसलात तर येतं.

इंग्लिशची परीक्षा भारतात करणार असाल तर सहसा लागत नाही. परदेशासाठी आयईएलटीएस किंवा टोफेल, काही ठिकाणी घरी बसून द्यायची ड्युओलिंगो पण चालते, आधी विचारून घ्या. आयईएलटीएसचा स्कोअर दोन वर्षंच चालतो म्हणून फार आधी देऊन ठेवू नका. मी पुण्याला जाऊन दिली, आदल्या दिवशीच हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलो, पेपरच्या दिवशी सकाळी पोचायच्या भानगडीत पडू नका. बोलण्यात आपण मार खात नाही, प्रवचनाची सवय असते, लिखाणात वेळ पुरत नाही, घड्याळ लावून सराव करा.

पैसे. नुसती ट्यूशन फी बघून हिशोब करू नका. फॉर्म फी, ट्रान्सक्रिप्टची फी, परीक्षेची फी, येण्याजाण्याचा खर्च, राहणं, पुस्तकं, आणि परदेश असेल तर व्हिसा, इन्शुरन्स, तिकीट. एका कागदावर तीन वर्षांचं मांडा आणि बायकोला किंवा नवऱ्याला दाखवा, तिथं जे ठरेल ते खरं. स्कॉलरशिप बऱ्याच सेमिनऱ्यांत असते पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही, अ‍ॅडमिशन ऑफिसला सरळ मेल करा की माझा पगार एवढा, मंडळी एवढं देऊ शकते, बाकीचं कसं होईल. बाहेरचा कुणी दाता मदत करणार असेल तर पैसे मंडळीच्या खात्यावर मागवू नका, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा आगाऊ परवानगी नसताना परदेशी पैसा घेणं गुन्हा आहे, त्यापेक्षा त्यांनी सेमिनरीलाच तुमच्या नावानं फी भरली तर सोपं पडतं, तरी एकदा सीएला विचारून घ्या.

ऑनलाईन करणाऱ्यांनी घड्याळाचा विचार करावा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातचा क्लास म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात पहाटे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच, कारण ते मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलतात. मी चार महिने साडेचारला उठलो. शेजारचे काका एकदा गच्चीवरून म्हणाले, काय करायलाव पास्टर इतक्या पहाटे, रोज लाईट दिसालीय. घर छोटं असेल, लेकरांच्या परीक्षा असतील तर हे आधी घरात बोला.

प्रोजेक्टमध्ये माणसांशी बोलणार असाल तर त्यांची लेखी परवानगी लागते आणि तो फॉर्म बऱ्याच सेमिनऱ्या क्लास सुरू झाल्यावर तपासतात, पण अर्जातच एक ओळ टाका की परवानगीचा कागद मी त्यांच्या भाषेत देईन. मी मराठी आणि तेलुगू दोन्हीत केला, ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलीनं वाचून दाखवला, मग अंगठा. एका अक्कांनी नाही म्हटलं, त्यांचं घर सोडलं, तरी भेटीला जातो, फक्त वही नेत नाही.

इंटरव्ह्यू बहुतेक झूमवर होतो, अर्धा-पाऊण तास. मला विचारलेले प्रश्न सांगतो म्हणजे अंदाज येईल: तुमचा प्रोजेक्ट फसला तर काय कराल, तुमच्या मंडळीत तुमच्याशी न पटणारं कोण आहे आणि तुम्ही त्याच्याशी कसं वागता, शेवटचं पुस्तक कुठलं वाचलं आणि त्यातलं काय पटलं नाही, आणि हे शिक्षण नाही मिळालं तर ही सेवा तुम्ही करणार का. शेवटच्या प्रश्नाला मी लगेच हो म्हटलं आणि मग विचार करून परत हो म्हटलं. इन्व्हर्टर चार्ज ठेवा, दुसऱ्या मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, उन्हाळ्यात आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही.

नाही म्हटलं तर कारण विचारा, नम्रपणे, मेलवर. बरेच जण सांगतात. पुढच्या वर्षी परत भरता येतं, मी तेच केलं.

सोमवार माझा सुट्टीचा दिवस आहे. सोलापुरात किंवा आसपास कुणी यंदा फॉर्म भरत असेल तर सोमवारी दुपारी चारनंतर घरी या, निबंधाचा पहिला ड्राफ्ट मराठीत, प्रिंट काढून आणा, मोबाईलवर नको, मी पेन घेऊन बसतो आणि आपण ओळ-ओळ बघू. मार्कशीटा पण आणा, नावं जुळवून टाकू.